मदत हवी आहे : ओढ्याकाठचा बफर, ईझमेंट आणि वेलाखाली गेलेल्या नळ्या

ओढाकाठी
घराबरोबर ओढ्याकाठचा झाडं लावलेला पट्टाही (बफर) आला, त्यावर कॉन्झर्व्हेशन ईझमेंट आहे, म्हणजे जमिनीच्या वापरावर बंधनं घालणारा करार. वार्षिक पाहणीनंतर लँड ट्रस्टचं, म्हणजे हा करार सांभाळणाऱ्या संस्थेचं पत्र आलंय: जिवंत झाडं कमी, आक्रमक वेल माजलाय, काय करणार ते कळवा. रोपांभोवती बसवलेल्या संरक्षक नळ्यांपैकी निम्म्या आडव्या झाल्यात. सगळं कापून काढू का? कोणतं औषध मारू? शनिवारी ट्रॅक्टरवाला येतोय, लवकर सांगा.

पानगळ
ट्रॅक्टर आधी थांबवा. राज्य कोणतं? लागवड कधीची? वेलाची पानं कशी? ईझमेंटच्या दस्तात गवत कापण्याबद्दल आणि तणनाशकाबद्दल काय लिहिलंय? बऱ्याच दस्तांत अशा कामाआधी लेखी कळवावं लागतं. ईझमेंट जमिनीबरोबर येतं, मालक बदलला तरी सुटत नाही.

ओढाकाठी
पेनसिल्व्हेनिया. तीन वर्षं झाली असावीत. दस्त अजून वाचलेला नाही. वेलाला बारीक काटे आहेत, पानं त्रिकोणी.

बांधावरचा
काठाला वाळा लावून टाका. मुळं खोल जातात, माती हलत नाही. बांध टिकवायला तो लावतात.

पानगळ
वाळा पेनसिल्व्हेनियाच्या थंडीत तगणार नाही. शिवाय अशा बफरमध्ये देशी झाडंच हवी असतात. इथे प्रश्न आहे ती झाडं वाचवण्याचा.

रानवाट
त्रिकोणी पान, उलटे काटे, आणि खोडाभोवती बशीसारखं गोल पान असेल तर तो 'माइल-अ-मिनिट'. वर्षायु आहे, थंडी पडली की मरतो, पण बी मातीत काही वर्षं टिकतं. म्हणून फळं निळी होण्याआधी उपटायचा. जाड हातमोजे घाला, मुळं वरवर असतात, सहज निघतात. फळं धरली असतील तर ढीग करून ठेवू नका, पिशवीत बंद करून कचऱ्यात द्या. नळीवरून वेल जोरात ओढलात तर आतलं रोप मोडतं. आधी वेल बुडाशी कापा, वाळू द्या, मग उतरवा.

बांधावरचा
एवढं हाताने कोण करणार? वर्षातून तीनदा सगळा पट्टा बारीक कापला की वेल संपतो.

रानवाट
ओळींमधलं गवत कापा, त्याला हरकत नाही. पण झाडाला खेटून यंत्र नेलं की नळी आणि साल दोन्ही जातात. शिवाय एप्रिल ते जुलै जमिनीवर घरटी असतात. बुडाभोवती साधारण ३ फूट व्यासाची जागा मोकळी ठेवणं खरं महत्त्वाचं. गवत बुडाशी भिडलं की हिवाळ्यात व्होल, म्हणजे रानउंदरासारखा प्राणी, लपून साल कुरतडतो. साल गोल फिरून गेली की झाड वाचत नाही.

ग्लायफोसेट मारायचं असेल तर पाण्याजवळ वापरायला मान्यता असलेलंच घ्या. नेहमीच्या काही मिश्रणांतला, औषध पानावर पसरवणारा फेसाळ घटक बेडकांना आणि माशांना मारक असतो. वारा नसताना, नळीच्या बाहेरच मारा. तेही दस्तात परवानगी असेल तरच.

हिशेबनीस
कराची वजावट ईझमेंट दान करणाऱ्याला मिळते. नव्या खरेदीदाराला ती मागता येत नाही.

ओढाकाठी
कराचं विचारलंच नव्हतं. मेलेली झाडं कशी ओळखायची? नळीत काहीच हिरवं दिसत नाही.

पानगळ
नखाने साल खरवडा. आत हिरवं असेल तर जिवंत. वरून वाळलेलं असलं तरी बुडातून कोंब येतो, विशेषतः सिकॅमोर आणि विलोला. म्हणून वसंतात पालवी फुटायला उशीर झाला म्हणून लगेच उपटू नका, जूनपर्यंत थांबा.

मोजणीसाठी एक दोरी ११.८ फुटांची कापा. एका खुंट्याभोवती फिरवली की वर्तुळ एक शतांश एकराचं होतं. आतली जिवंत झाडं गुणिले १०० म्हणजे एकरी आकडा. पट्टाभर विखुरलेल्या पाच-सहा वर्तुळांची सरासरी घ्या आणि दस्तात किंवा लागवडीच्या आराखड्यात ठरलेल्या आकड्याशी ताडून पाहा.

आडव्या नळ्या उभ्या करताना खुंट कुजलाय का पाहा. ओक लाकडाचा खुंट बदलायचा, नळीचं बूड एक-दोन इंच मातीत दाबायचं. झाड नळीबाहेर आलं असेल तर वरची पक्ष्यांसाठीची जाळी काढा, नाहीतर शेंडा वाकतो. पुरात अडकलेला पाला-काटक्या प्रत्येक पुरानंतर काढा.

बांधावरचा
रिकाम्या जागी ॲश लावा, भराभर वाढतो.

रानवाट
ॲश नको, एमराल्ड ॲश बोरर या किडीने तो जात आहे. स्वॅम्प व्हाइट ओक, रिव्हर बर्च लावा. काठाच्या अगदी ओल्या भागात विलोच्या सुप्तावस्थेतल्या काड्या: अर्धा ते एक इंच जाड, दोन-तीन फूट लांब, दोन तृतीयांश जमिनीत, डोळे वरच्या बाजूला.

पानगळ
ट्रस्टला उत्तरात मोजणीचे आकडे, वेल काढायच्या तारखा आणि बदलायच्या झाडांची यादी द्या. मूळ बेसलाइन अहवालाची, म्हणजे ईझमेंट झालं तेव्हाच्या जमिनीच्या नोंदीची प्रत मागा. त्यात ठरलेल्या जागांवरचे फोटो असतात. त्याच जागेवरून, त्याच दिशेने आणि शक्यतो त्याच ऋतूत फोटो काढून जोडा.

ओढाकाठी
शनिवारचा ट्रॅक्टर रद्द केला. दस्तात ओढ्यापासून ५० फुटांच्या आत कापायला लेखी संमती हवी, असं दिसतंय. हातानं उपटणं 'कापणं' धरलं जातं का?

पानगळ
ते ट्रस्टलाच ईमेलवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा. फळं निळी व्हायच्या आत विचारा.