चर्चा: 'ऑनलाइन एमएस ही पदवीच नव्हे' म्हणणाऱ्यांना सविस्तर उत्तर

व्हाइललूप
काल इथे एक धागा आला: 'ऑनलाइन एमएस, म्हणजे पैसे भरून घेतलेलं प्रमाणपत्र'. लेखकाचं म्हणणं असं की संगणकशास्त्राची ऑनलाइन पदव्युत्तर पदवी म्हणजे व्हिडिओ दुप्पट वेगाने पळवायचे, चार पर्यायांपैकी एकावर टिचकी मारायची आणि यथावकाश नावापुढे एमएस लावायचं. तिथेच प्रतिसाद लिहायला बसले होते, पण तो लांबला आणि रागही आवरेना, म्हणून वेगळा धागा.

नोकरी सांभाळून मी अशीच पदवी घेतली आहे. यात सवलत मिळते ती वेळेची आणि जागेची. अभ्यासात कसलीही सूट नसते. जॉर्जिया टेक या अमेरिकी विद्यापीठाचा असा ऑनलाइन कार्यक्रम जानेवारी २०१४ मध्ये सुरू झाला, तेव्हा पूर्ण पदवीचा खर्च सुमारे ७,००० डॉलर होता. स्वस्त आहे म्हणून सोपा असणार, हा निष्कर्ष तिथपासून चिकटलाय. प्रत्यक्षात प्रवेश सैल असला तरी आत टिकणं अवघड आहे. १० कोर्स करावे लागतात, आणि त्यातल्या दोन पायाभूत कोर्सना पहिल्या १२ महिन्यांत किमान बी ग्रेड नसेल तर पुढचा रस्ता बंद.

ऑपरेटिंग सिस्टिमचा कोर्स घ्या. सी भाषेत मल्टीथ्रेडेड, म्हणजे अनेक थ्रेड (समांतर चालणारी कामं) सांभाळणारा फाइल सर्व्हर लिहायचा, मग प्रॉक्सी (मधला सर्व्हर), मग प्रॉक्सी आणि कॅशे (तात्पुरता साठा) या दोन वेगळ्या प्रोसेसमध्ये शेअर्ड मेमरीतून डेटा फिरवायचा. आमच्यातल्या एकाचा क्लायंट सगळ्या फाइल नीट उतरवायचा, पण संपायचाच नाही. जॉइनवर, म्हणजे सगळे थ्रेड संपायची वाट पाहण्यावर, अडकून बसायचा. कोड दाखवायला बंदी, म्हणून त्याने फक्त लक्षणं लिहिली. पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला जागी असलेल्या सहाध्यायिनीने एवढंच विचारलं, "काम संपल्यावर नेमके किती थ्रेड जागे होतात?" तो सिग्नल पाठवत होता, त्यामुळे एकच थ्रेड उठायचा आणि बाकीचे झोपलेलेच राहायचे. ब्रॉडकास्ट करून सगळ्यांना उठवल्यावर सुटलं. चार पर्यायांतून टिचकी मारून हे शिकता येत असेल तर कसं, ते काल धागा काढणाऱ्यांनी सांगावं.

खडूफळा
कालचा धागा माझाच. शीर्षक झणझणीत होतं, ते सोडा. मुद्द्यावर मी ठाम आहे. तुम्ही सांगितलेला प्रोजेक्ट चांगला आहे, पण तो पदवीच्या शेवटच्या वर्षालाही देता येतो. एमएसमध्ये त्याहून वेगळं काही घडायला हवं की नको?

माझ्या एमएसमध्ये दर आठवड्याला गाइडसमोर फळ्यावर उभं राहावं लागायचं. एकदा मी एका सिद्धतेची तिसरी पायरी 'उघड आहे' म्हणून ओलांडली. सर म्हणाले, "उघड आहे तर लिही." लिहिता येईना. दोन आठवडे त्याच पायरीवर गेले आणि त्यातून माझ्या प्रबंधाचा विषय निघाला. व्हिडिओतला प्राध्यापक तुम्हाला असं थांबवू शकतो का? शेकडो विद्यार्थ्यांच्या वर्गात त्याला तुमचं नाव तरी माहीत असतं का? उद्या पीएचडीला अर्ज केलात तर शिफारसपत्रात तो काय लिहिणार?

रात्रपाळी
खडूफळा, दर आठवड्याला फळ्यासमोर उभं राहायला दोन वर्षं मोकळी लागतात, पगार बंद करावा लागतो आणि घरी कुणीतरी सांभाळून घ्यावं लागतं. माझ्याकडे यातलं काहीच नव्हतं. मुलगी झोपली की मी बसायचे. माझ्यापुढे कॅम्पस की ऑनलाइन अशी निवड कधीच नव्हती. ऑनलाइन की काहीच नाही, एवढीच होती.

चौकट
रात्रपाळी म्हणतात त्यावर अभ्यास झालाय. गुडमन, मेल्कर्स आणि पॅले या संशोधकांनी जॉर्जिया टेकच्या सुरुवातीच्या अर्जदारांची माहिती तपासली. प्रवेशाच्या रेषेच्या थोडं वर असलेल्यांची तुलना त्यांनी थोडं खाली राहिलेल्यांशी केली. जे खाली राहिले त्यांच्यातल्या बहुतेकांनी दुसरीकडे कुठेच प्रवेश घेतला नाही. म्हणजे ऑनलाइन पदवीने कॅम्पसचे विद्यार्थी पळवले नाहीत. जे एरवी शिकलेच नसते ते शिकले.

खडूफळा
त्यातून एवढंच सिद्ध होतं की मागणी होती. काय शिकले, ते नाही.

शून्याधार
माझी मूळ पदवी यंत्र अभियांत्रिकीची. कॅम्पसवाल्यांनी अर्ज वाचण्याआधीच परत पाठवले असते. कोलोरॅडो विद्यापीठाच्या (बोल्डर) ऑनलाइन एमएसला जुनी गुणपत्रिका मागतच नाहीत. ठरलेले तीन कोर्स घ्यायचे, सरासरी बी राखायची, की प्रवेश. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाचा कार्यक्रम तर मुळातच संगणकशास्त्राबाहेरच्यांसाठी आहे. 'आधी करून दाखव, मग आत ये' यापेक्षा प्रामाणिक प्रवेशपरीक्षा कोणती?

सिग्मा
हे सगळं ठीक. पण करून कोण दाखवतं, हा खरा प्रश्न आहे. घरी बसून दिलेल्या परीक्षेवर मी विश्वास ठेवत नाही. स्पष्ट लिहितो, राग आला तर येऊ दे.

रात्रपाळी
राग आलाच आहे. घरून दिलेली परीक्षा काय असते ते आधी ऐका. ओळखपत्र कॅमेऱ्यासमोर धरायचं, लॅपटॉप उचलून सगळी खोली दाखवायची, टेबलाखालचंसुद्धा. मग ब्राउझर कुलूपबंद. मला प्रश्न पुटपुटत वाचायची सवय आहे. एका परीक्षेत तेवढ्यावरून माझ्या नावापुढे संशयाची खूण लागली आणि 'तुम्ही कुणाशी बोलत होतात?' अशी मेल आली. बोलत होते स्वतःशी. त्याचा खुलासा लेखी द्यावा लागला, निकाल अडकून राहिला. वर्गात बसून परीक्षा देणाऱ्याला पुटपुटल्याबद्दल कधी खुलासा मागितलाय?

शून्याधार
प्रचंड सहमत. ओहायोत एका विद्यार्थ्याने यावरून खटला भरला होता. परीक्षेआधी खोली स्कॅन करायला लावणं ही बेकायदा झडती आहे, असा निकाल तिथल्या फेडरल न्यायालयाने २०२२ मध्ये दिला. ते विद्यापीठ सरकारी होतं म्हणून तो मुद्दा तिथे टिकला, पण लाज सगळ्यांनाच वाटायला हवी.

सिग्मा
म्हणजे पहारा असला तर छळ आणि नसला तर पदवी संशयास्पद. मग करायचं काय? आणि परीक्षेपेक्षा प्रोजेक्टचं बोला. जुन्या विद्यार्थ्यांचे कोड गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या साइटवर, उघडे पडलेले असतात. उचलायचे, व्हेरिएबलची नावं बदलायची, द्यायचे.

व्हाइललूप
नावं बदलून काही होत नाही. स्टॅनफर्डचं मॉस, म्हणजे उसना कोड पकडणारा प्रोग्रॅम, १९९४ पासून आहे. ते नावं, मोकळ्या जागा, कॉमेंट सगळं बाजूला सारतं, उरलेल्या कोडचे छोटे तुकडे करून त्यांचे ठसे घेतं आणि ठसे जुळवतं. फंक्शनची जागा वरखाली केली तरी सापडतं. गिटहबवरचे कोड कोर्सवाल्यांनाही दिसतात, तेही त्याच ढिगात टाकता येतात.

सिग्मा
मॉस उसना कोड ओळखतं. एआयने ताजा लिहून दिलेला नाही. दरवेळी वेगळाच निघतो, ठसे जुळणार कशाशी? आता तुमचा फाइल सर्व्हर दहा मिनिटांत तयार मिळतो, ब्रॉडकास्टसकट.

चौकट
सिग्मा, हे बरोबर आहे. पण कॅम्पसवरचे विद्यार्थी गृहपाठ वर्गात बसून करतात का? तेही खोलीवर जाऊन, त्याच एआयला विचारून करतात. हे संकट अख्ख्या संगणकशास्त्राच्या शिक्षणावर आलंय आणि बिल मात्र ऑनलाइनवाल्यांच्या नावे फाडलं जातंय.

मी मुलाखती घेतो, त्यामुळे यात माझाही जीव अडकलाय. उमेदवाराने कुठून काय केलं हे मी विचारतच नाही. त्यानेच लिहिलेला कोड उघडतो आणि म्हणतो, ही ओळ काढली तर काय बिघडेल? लिहिणारा लगेच सांगतो. न लिहिणारा पडद्याकडे बघत राहतो, मग पदवी कुठलीही असो. कोर्सनीसुद्धा हेच करावं. प्रत्येक प्रोजेक्टनंतर दहा मिनिटांची तोंडी परीक्षा.

सिग्मा
आठशे जणांची? कोण घेणार?

चौकट
शिक्षक-सहायक. आजही प्रोजेक्ट तेच तपासतात आणि त्यांच्यातले कित्येक हीच पदवी घेतलेले माजी विद्यार्थी असतात.

शून्याधार
सहायकांचं नाव काढू नका. माझ्या एका कोर्सात ग्रेडचा खुलासा मागितला, तर उत्तर आलं, "रुब्रिक पाहा." रुब्रिक, म्हणजे गुण द्यायचे निकष, आम्हाला दाखवलेलंच नव्हतं. तीनदा विचारलं, तीनदा तेच. समोर माणूस आहे की यंत्र, कळेना.

व्हाइललूप
यंत्र तर खरोखरच होतं एकदा. २०१६ मध्ये जॉर्जिया टेकच्या अशोक गोयल यांनी एआयच्या कोर्सात 'जिल वॉटसन' नावाची सहायक नेमली. ती प्रोग्रॅम आहे हे विद्यार्थ्यांना सत्र संपत येईपर्यंत कळलं नव्हतं. पण ती कुणाच्या ग्रेडचा निकाल लावत नव्हती. मुदत कधी, फाइल कुठल्या प्रकारात द्यायची, असल्या ठरीव प्रश्नांना उत्तरं द्यायची. तेवढं यंत्राने करावंच. म्हणजे माणसांना तोंडी परीक्षेला वेळ मिळेल.

खडूफळा
माझा मूळ प्रश्न बाजूला पडून कॅमेरा आणि मॉसवर रामायण झालं. मी कॉपीबद्दल एक अक्षर लिहिलं नव्हतं. मी विचारलं होतं, तिसऱ्या पायरीवर अडवणारं कोण आहे?

आणि रात्रपाळी, 'काहीच नाही' पेक्षा बरं, हे पदवीच्या दर्जाचं प्रमाण होऊ शकत नाही. तुमच्या कष्टांबद्दल आदर आहे, पण कष्ट म्हणजे दर्जा नव्हे.

रात्रपाळी
आदर ठेवा तुमच्याकडे. तुम्ही ज्याला दर्जा म्हणताय तो तुम्हाला एका गाइडमुळे मिळाला. सगळ्यांना तसा मिळतो? माझा भाऊ कॅम्पसवर एमएस करून आला. त्याचा गाइड त्याला सत्रात मोजून दोनदा भेटला आणि प्रबंधावर न वाचता सही केली. इमारत तीच, फळा तोच.

अडवणारं कोण, तर ऐका. अल्गोरिदमच्या कोर्सात एक प्रश्न एनपी-कम्प्लीट, म्हणजे झटपट सोडवायची रीत माहीत नसलेल्या कठीण प्रश्नांच्या गटातला, आहे हे सिद्ध करायचं होतं. मी ज्ञात प्रश्नाकडून नव्या प्रश्नाकडे जायच्या ऐवजी उलट दिशेने गेले असं एका अनोळखी सहाध्यायाने दाखवलं, तेही उत्तर न सांगता. "कोण कुणापेक्षा कठीण हे तू दाखवते आहेस?" एवढंच लिहिलं होतं. त्या रात्री रिडक्शन, म्हणजे एका प्रश्नाचं दुसऱ्यात रूपांतर, कळलं. माणूस अजून भेटलेला नाही.

खडूफळा
भावाबद्दल वाईट वाटलं. असे गाइड असतात, नाकारत नाही. आणि तो प्रश्न चांगला होता, माझ्या सरांनीही तोच विचारला असता. मान्य.

पण असा सहाध्यायी भेटणं नशिबावर आहे. कॅम्पसवर निदान वेळापत्रकात असतं. संशोधन करायचं असेल तर ऑनलाइन पदवी पुरत नाही, एवढं तरी तुम्ही कबूल कराल?

व्हाइललूप
संशोधनासाठी बहुतेकांना पुरत नाही, कबूल. प्रबंधाची वाट असते पण अरुंद, आणि प्राध्यापक स्वतःहून शोधायला येत नाही. पीएचडी करायची असेल तर कॅम्पस गाठावा. पण इथे येणाऱ्यांतल्या बहुतेकांना ती करायचीच नसते. त्यांना चालू कामातलं का आणि कसं समजून घ्यायचं असतं. त्यांच्या पदवीला तुम्ही 'प्रमाणपत्र' म्हणालात, ते मी चालवून घेणार नाही.

खडूफळा
'पैसे भरून घेतलेलं' हे शब्द काढतो. ती पीएचडीकडे नेणारी पदवी नाही, हे राहू देतो. सिग्मा आणि शून्याधार, परीक्षांचं भांडण वेगळ्या धाग्यावर न्या.

सिग्मा
नेतो. तोंडी परीक्षेची कल्पना मात्र मी त्या धाग्यातही धरून बसणार आहे.

उंबरठा
एवढं वाचल्यावर विचारतेय. पुढच्या सत्रात सुरू करतेय, नोकरी पूर्णवेळ आहे. अल्गोरिदम आधी उरकावं का? सगळे त्यालाच घाबरवतात.

रात्रपाळी
आधी मिळणारच नाही, जागा ज्येष्ठतेनुसार जातात. पहिल्या सत्रात एकच कोर्स घ्या, दोन अजिबात नको. ऑपरेटिंग सिस्टिम घेणार असाल तर सत्र सुरू व्हायच्या आत सीमधले पॉइंटर आणि थ्रेड हात बसेपर्यंत करा, कारण पहिला प्रोजेक्ट लगेच अंगावर येतो. अल्गोरिदमसाठी डायनॅमिक प्रोग्रॅमिंग (मोठा प्रश्न छोट्या प्रश्नांच्या उत्तरांतून सोडवायची पद्धत) मात्र आजपासून रोज एक गणित, कागदावर, कोड न लिहिता.