मदत हवी आहे: भूशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्र जोडून पीएच.डी. करायची आहे

नमस्कार मंडळी,

भूशास्त्रात एम.एस्सी. झालं, जेआरएफही (संशोधनासाठीची शिष्यवृत्ती) निघाली. आता पीएच.डी.ला नोंदणी करायची आहे. कोयना भागातल्या खोल खडकात सूक्ष्मजीव कशावर जगतात, यावर काम करायची फार इच्छा आहे.

११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप सगळ्यांना माहीत असतो. तिथले भूकंप मुळाशी जाऊन समजून घ्यावेत म्हणून पुढे खोल ड्रिलिंग झालं, पथदर्शी (आधी चाचणीसाठी पाडलेलं) विवर तर ३ किलोमीटरपर्यंत गेलं. वर बेसाल्ट, खाली ग्रॅनाइट. खरगपूर आयआयटीच्या मंडळींनी त्या खडकांतले जिवाणूही अभ्यासले. भूकंपासाठी पाडलेल्या भोकातून जीवशास्त्राचा प्रश्न वर आला, हेच मला विलक्षण वाटतं.

नमुने लॅबला पाठवायचे आणि आलेला रिपोर्ट एका प्रकरणात चिकटवायचा, असं मला करायचं नाही. कोअर, म्हणजे ड्रिलिंगमधून निघालेला खडकाचा दंडगोल, वर येतो तो ड्रिलिंगच्या चिखलाने माखलेला, आणि त्या चिखलात स्वतःचे जिवाणू असतात. म्हणून बाहेरचा थर निर्जंतुक हत्यारांनी काढून फक्त आतला भाग घ्यावा लागतो, चिखलाचा नमुनाही शेजारी तपासावा लागतो. खडकात डीएनए मुळातच इतका कमी असतो की थोड्याशा भेसळीने निकाल फिरतो. दुसरीकडे, कोणत्या भेगेजवळचा तुकडा घ्यायचा, तिथे पाणी खेळलंय का, लोहयुक्त खनिजं किती, हे भूशास्त्राचं काम. म्हणजे तुकडा निवडतानाच भूशास्त्रज्ञ आणि सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ दोघं शेजारी उभे हवेत.

माझे होणारे गाइड भूशास्त्राचे आहेत आणि विषयाला त्यांचा पाठिंबा आहे. यूजीसीच्या २०२२ च्या नियमावलीप्रमाणे अशा विषयाला बाहेरचा सहमार्गदर्शक घेता येतो. पण ओळखपाळख नसताना सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्राध्यापकांना पहिल्या मेलमध्ये काय लिहावं? थेट दोन पानी प्रस्ताव जोडावा की आधी भेट मागावी? पेपरवर नावांचा क्रम, नमुन्यांवरचा हक्क हे सुरुवातीलाच लेखी ठरवलं तर समोरच्याला खटकतं का? मला स्वतःला सीक्वेन्सिंगच्या (डीएनएचा क्रम वाचण्याच्या) डेटाचं विश्लेषण शिकायचं आहे. ते कोर्सवर्कमध्येच बसवावं की एखाद्या लॅबमध्ये दोन-तीन महिने राहून शिकावं?

दोन विभागांत दोन गाइड घेऊन ज्यांनी पीएच.डी. केली आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहा. आरएसीसमोर (संशोधन सल्लागार समितीसमोर) दोन गाइडांची मतं जुळली नाहीत तेव्हा तुम्ही काय केलंत, हेही सांगा. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलात तरी चालेल.