पंख्याची घरघर काढली की आवाज पाण्याखालून येतो

पंचम:
दोघांच्या गप्पांचा भाग ऑडॅसिटीत (आवाज एडिट करायचं सॉफ्टवेअर) एडिट करतोय. मागे पंख्याची घरघर आहे. आधी कॉम्प्रेसर लावला, मग नॉइज रिडक्शन (मागचा आवाज काढणं) २४ डीबी, म्हणजे डेसिबल, आणि सेन्सिटिव्हिटी (किती आवाज घरघर म्हणून धरायचा ते) १२. घरघर गेली, पण आवाज पाण्याखालून आल्यासारखा झालाय आणि वाक्याच्या शेवटचे 'आहे', 'नाही' गिळल्यासारखे वाटतात. पाहुण्यांचा आवाजही बारीक आहे. कुठे चुकतंय?

कानसेन:
क्रम उलटा झालाय. कॉम्प्रेसर मोठा आवाज दाबून मग सगळंच वर उचलतो, त्याबरोबर घरघरही वर येते. म्हणून तुम्हाला २४ डीबी लागले. मूळ फाइलवरून पुन्हा सुरू करा.

आधी ८० हर्ट्झचा हाय-पास फिल्टर (त्याखालचे जाड सूर गाळणारा), म्हणजे खालची गुरगुर जाईल. मग कोणीच बोलत नाही अशी एक-दोन सेकंदं निवडून नॉइज प्रोफाइल, म्हणजे घरघरीचा नमुना, घ्या. त्यात श्वास किंवा खुर्चीची कुरकुर नको, नाहीतर तीही नॉइज धरली जाते. रिडक्शन ६ ते ९, सेन्सिटिव्हिटी ६, स्मूदिंग ३. लावण्याआधी 'रेसिड्यू' निवडून प्रिव्ह्यू ऐका. जे काढलं जाणार तेवढंच त्यात वाजतं. शब्द कळायला लागले तर सेन्सिटिव्हिटी उतरवा. 'आहे'तला 'ह' म्हणजे जवळपास नुसता श्वास, पंख्याच्या सूं-सूंसारखाच. म्हणून पहिला घाव त्याच्यावर बसतो. थोडी घरघर राहिली तर राहू द्या, बोलण्याखाली ती झाकली जाते.

मंद्रसप्तक:
पाहुण्यांचा ट्रॅक वेगळा असेल तर आधी त्याचा गेन (आवाजाची पातळी) वाढवून दोघांना कानाने सारखं करा, मगच प्रत्येकावर कॉम्प्रेसर ३:१ (हद्दीवरचा आवाज एक तृतीयांशावर दाबणारा), थ्रेशोल्ड म्हणजे ती हद्द उणे २० डीबीच्या आसपास. 'भ', 'फ'चा फुस्कारा माइकवर आपटला असेल तर तेवढंच अक्षर निवडून १५० हर्ट्झचा हाय-पास द्या, अख्ख्या ट्रॅकला नको. आवाज पातळ होतो.

शेवटी लाउडनेस नॉर्मलायझेशन (एकूण आवाज ठरावीक पातळीला आणणं) उणे १६ लफ्स, म्हणजे LUFS हे लाउडनेसचं माप, आणि त्यावर लिमिटर (आवाज ठरल्या हद्दीपलीकडे जाऊ न देणारा) उणे १ डीबीला.

पंचम:
फाइल मोनो (एकाच चॅनेलची) आहे. मोनोला उणे १९ ठेवायचं ना?

मंद्रसप्तक:
लाउडनेस नॉर्मलायझेशनच्या खिडकीत मोनोला ड्युअल-मोनो (दोन्ही स्पीकरवर तोच आवाज) धरण्याची टिक असेल तर उणे १६ च. टिक ठेवून उणे १९ टाकलंत तर तुमचा भाग तीन डीबीने बारीक वाजेल.