मदत हवी आहे: कॅन्सर होऊ नये म्हणून आहार आणि गोळ्या, यादीतलं काय ठेवू, काय काढू?

रानजाई

घरात चौघं. सासूबाई (६८, हृदयाची कृत्रिम झडप, वॉरफरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध चालू), नवरा (४६, रोज ७-८ सिगरेटी), मी (४२), मुलगी (१३). कॅन्सर कुणालाच नाही. नातेवाइकांनी सुचवलेली यादी:

- कर्क्युमिन ९५% कॅप्सूल ५०० मिग्रॅ, सोबत पिपेरिन (मिऱ्यातला तिखट घटक) ५ मिग्रॅ, सगळ्यांना
- बीटा कॅरोटीन २० मिग्रॅ, नवऱ्याला ("फुप्फुसं साफ राहतात")
- व्हिटॅमिन ई ४०० युनिट आणि सेलेनियम, हेही नवऱ्याला
- जर्दाळूच्या कडू बिया रोज ५, "व्हिटॅमिन बी१७" म्हणून
- गव्हांकुराचा रस ३० मिली
- अल्कलाइन पाण्याचं यंत्र

जेवण नेहमीचं: पोळी, भात, वरण, एक भाजी. दाण्याचं कूट जवळपास सगळ्यात. सासूबाई सकाळ-दुपार मशेरी लावतात, जेवणानंतर सुपारी. कारणासकट सांगा, म्हणजे घरात पटवता येईल.

कोंडाभाकर

बीटा कॅरोटीन आधी काढा, कारण यादीतली हीच गोळी तुमच्या यजमानांच्या बाबतीत उलटी पडते. फिनलंडमध्ये सिगरेट ओढणाऱ्या २९ हजारांवर पुरुषांवर चाचणी झाली, त्यात नेमका हाच २० मिग्रॅ डोस होता. १९९४ साली निकाल आला: गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर १८% जास्त. अमेरिकेतली तशीच एक चाचणी याच कारणाने १९९६ मध्ये मुदतीआधी थांबवली. गाजर, लाल भोपळा, शेवग्याचा पाला बेलाशक खा. भाजीतून येणारं कॅरोटीन थोडं आणि इतर शंभर गोष्टींबरोबर येतं, गोळीतलं एकटं आणि एकदम.

ई आणि सेलेनियमची गतही तशीच. ३५ हजार पुरुषांवरच्या चाचणीत फायदा दिसला नाही म्हणून २००८ मध्ये गोळ्या बंद केल्या. २०११ पर्यंत नुसतं व्हिटॅमिन ई घेतलेल्यांत प्रोस्टेटचा कॅन्सर १७% वाढलेला दिसला.

कडू बिया तर घरातच ठेवू नका, मुलगी आहे. बी१७ नावाचं व्हिटॅमिन अस्तित्वात नाही. तो अमिग्डालिन आहे, पोटात त्याचं सायनाइड होतं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेच्या हिशोबाने मोठ्या माणसालाही एका वेळी तीन लहान बियांच्या पुढे धोका सुरू होतो, आणि तुमच्या यादीत पाच आहेत.

अल्कलाइन पाणी पोटातल्या आम्लात पडलं की संपलं. रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ मध्ये फुप्फुसं आणि मूत्रपिंडं राखतात, यंत्र नव्हे. ते पैसे भाजीला घाला.

दोन_चमचे

हळदीबद्दल जरा सविस्तर, कारण "घरचीच तर आहे" म्हणून ती सुटते. हळदीत कर्क्युमिन साधारण ३%. एक चहाचा चमचा म्हणजे ३ ग्रॅम धरले तर ९० मिग्रॅ. तुमच्या एका कॅप्सूलमध्ये पाच चमचे हळद बसली. वर पिपेरिन. कर्क्युमिन आतड्यातून फारसं शोषलं जात नाही आणि यकृत ते लगेच निकामी करतं. पिपेरिन यकृताचं ते काम मंदावतं. पण मग इतर औषधांचंही मंदावतं. वॉरफरिनवर असलेल्या माणसाला हे अजिबात नको, रक्तस्राव होऊ शकतो. धडधाकट माणसांतही अशा कॅप्सूलांनी यकृताला सूज आल्याच्या नोंदी आहेत. फोडणीतली हळद चालू द्या. अख्खी हळकुंडं दळून आणलीत तर बरं. फार झगझगीत पिवळी घेऊ नका, लेड क्रोमेट या शिशाच्या रंगाची भेसळ तशीच दिसते.

गव्हांकुरांनी कॅन्सर टळल्याचा पुरावा नाही आणि सासूबाईंना ते अडचणीचे. हिरव्या पानांत व्हिटॅमिन के असतं, ते वॉरफरिनच्या विरुद्ध काम करतं. मात्र म्हणून पालेभाजी बंद करू नका (ही चूक फार होते). आठवड्याला जितकी, तितकीच ठेवा. एका आठवड्यात चार जुड्या आणि पुढच्यात शून्य, असं झालं की आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा) डोलतो.

कोंडाभाकर

आता ताट. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या बाबतीत तंतूंचा (फायबरचा) पुरावा बऱ्यापैकी भक्कम आहे, लक्ष्य दिवसाला ३० ग्रॅम. ज्वारीचं पीठ १०० ग्रॅम (दोन भाकऱ्या) म्हणजे १० ग्रॅम. मटकी किंवा मूग सुके ५० ग्रॅम, ७-८. भाज्या ४०० ग्रॅम, साधारण १२. एक मध्यम पेरू, ८. तीसच्या वर गेलात. पांढऱ्या तांदळात १०० ग्रॅमला तीनही नाहीत, आणि पोळीचं पीठ बारीक चाळणीने चाळलंत तर कोंड्याबरोबर तंतूही गेले. एकदम वाढवलंत तर पोट फुगतं आणि घर चौथ्या दिवशी भातावर परततं. दर आठवड्याला पाचेक ग्रॅम वाढवा, पाणीही वाढवा. ज्वारी दहा-बारा दिवसांपुरतीच दळा, जुन्या पिठाची भाकरी थापताना चिरते.

कूट! इथे थांबायला हवं. दाणे ओलसर राहिले की त्यावर वाढणाऱ्या बुरशीचं अफलाटॉक्सिन यकृताच्या कॅन्सरचं सिद्ध कारण आहे. भाजून ते पुरतं जात नाही, आणि कूट झाल्यावर खराब दाणा ओळखताही येत नाही. म्हणून भाजण्याआधी ताटात पसरून निवडा: सुरकुतलेला, काळपट, हिरवट, तुटका, सगळा बाहेर. तोंडात कडू लागला तर थुंका. पावसाळ्यात महिन्याचे भरू नका, आठवड्याचे आणा. खोबऱ्याच्या वाट्या आणि लाल मिरच्यांनाही हेच.

शिवणटिपण

यादीत नसलेली गोष्ट तुम्ही शेवटच्या ओळीत लिहिलीत. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच, आणि सुपारी तंबाखूशिवायही कॅन्सरकारक आहे. यजमानांच्या सिगरेटी आणि या दोन गोष्टी कमी झाल्या नाहीत तर वरचं सगळं ताट फार थोडं काम करेल.

आधी सासूबाईंचं तोंड बघा. टॉर्च घ्या, कवळी असेल तर काढायला सांगा. गालाच्या आत, जिभेखाली, हिरडीच्या तळाशी पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरलेला व्रण, किंवा तोंडात उभी तीन बोटं न जाणं, यांतलं काही दिसलं तर दंतवैद्याकडे लगेच.

तुम्ही स्वतः ३० च्या पुढे आहात, गर्भाशयमुखाची तपासणी करून घ्या. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात बार्शीच्या कॅन्सर रुग्णालयाच्या सहभागाने १ लाख ३० हजारांवर बायकांचा अभ्यास झाला. एकदाच केलेल्या एचपीव्ही (हा कॅन्सर घडवणारा विषाणू) चाचणीने या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्मे झाले (२००९). असा आकडा कुठल्याही रसाला दाखवता आलेला नाही. मुलीला एचपीव्ही लस द्या: ९ ते १४ वयात दोन डोस, सहा महिन्यांच्या अंतराने. पुण्यात बनणारी लसही मिळते.

रानजाई

कॅप्सूल आणि बिया परत पाठवते. सासूबाईंना मशेरीऐवजी निकोटिन गम चालेल?

शिवणटिपण

झडपेमुळे आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारा. कवळी असेल तर गम चिकटतो, मग त्वचेवर चिकटवायच्या निकोटिनच्या पट्टीबद्दल विचारा. गम दिलाच तर २ मिग्रॅचा. तो चिंगमसारखा चघळत राहायचा नाही: चव तिखट लागली, मुंग्या आल्या की गाल आणि हिरडीमध्ये दाबून ठेवायचा, चव गेली की पुन्हा दोन-चार वेळा चावायचा, असा अर्धा तास. आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असेपर्यंत चहा-कॉफी, लिंबू नाही, नाहीतर निकोटिन शोषलंच जात नाही आणि "गमने काही होत नाही" म्हणून डबी पुन्हा उघडते. यजमानांसाठी १८००-११-२३५६ ही तंबाखू सोडायला मदत करणारी सरकारी मोफत क्विटलाइन आहे. फोन त्यांनी स्वतः करायचा, तुम्ही नाही.