मदत हवी आहे: जानेवारीत न्यू जर्सी ते कॅलिफोर्निया गाडीने, आय-८० की आय-४०?

सदाफुली | २१ डिसेंबर, रात्री ११:४२
१२ जानेवारीला नव्या ऑफिसात हजर व्हायचंय. २ तारखेला सकाळी एडिसनच्या घराची किल्ली परत करून तसंच निघायचं आहे, तारीख पुढे ढकलता येणार नाही. मी आणि नवरा आलटून पालटून चालवणार, मागे पाच वर्षांची मुलगी. गाडी ऑल व्हील ड्राइव्ह आहे, त्यामुळे बर्फाची तेवढी काळजी नाही. मॅप आय-८० (उत्तरेकडचा हमरस्ता) दाखवतो, ऑफिसातले एक जण म्हणतात आय-४० (दक्षिणेकडचा) शिवाय जाऊच नका. या घोळात दोन दिवस गेले आणि हॉटेलं अजून बुक व्हायची आहेत. कोणी थंडीत गेलं असेल तर एवढंच सांगा, ८० की ४०?

घाटमाथा | २१ डिसेंबर, रात्री ११:५८
कॅलिफोर्नियात नेमकं कुठे? सॅक्रामेंटो आणि सॅन डिएगो यांच्यातच पाचशे मैल आहेत. आणि टायर कोणते आहेत?

उनाड | २२ डिसेंबर, सकाळी ७:१०
आय-८०. आम्ही फेब्रुवारीत गेलो होतो, पाचव्या दिवशी पोचलो. ओमाहा, शायान, सॉल्ट लेक सिटी, रेनो, सरळ रस्ता. मोठा हमरस्ता आहे, बर्फ हटवणाऱ्या नांगराच्या गाड्या सतत फिरत असतात. उगाच दोनेकशे मैलांचा वळसा कशाला?

मिरगाचा_पाऊस | २२ डिसेंबर, सकाळी ८:२५
उनाड, तुम्हाला हवा चांगली मिळाली. आम्ही डिसेंबरात आय-८० वर वायोमिंगमधल्या लॅरमीला दोन रात्री अडकलो. लॅरमी ते रॉलिन्स हा पट्टा हिवाळ्यात वारंवार बंद होतो, रेल्वे फाटकासारखी फाटकं खरोखर आडवी पडतात. बर्फ पडायला हवा असंही नाही. डोक्यावर निळं आभाळ असतं आणि एल्क माउंटनच्या बाजूचा वारा जमिनीवरचा जुना बर्फ उचलून रस्त्यावर आडवा फेकतो. बॉनेटपुढचं दिसत नाही. समोरचा ट्रक कधी थांबला ते कळत नाही. गावात शिरलो तेव्हा मोटेलं भरलेली, शेवटची खोली मिळाली म्हणून लेकरांना गाडीत झोपवायची वेळ आली नाही. पाच वर्षांची मुलगी बरोबर आहे म्हणून हे लिहितेय.

सदाफुली | २२ डिसेंबर, सकाळी ९:०५
फ्रिमाँट. टायर गाडीबरोबर आलेलेच आहेत, ऑल सीझन, तीन वर्षं झाली. पण प्लीज टायरची चर्चा नको, मला मार्ग ठरवायचाय.

घाटमाथा | २२ डिसेंबर, सकाळी ९:३१
ताई, टायर कळल्याशिवाय मार्ग सांगता येत नाही. ऑल व्हील ड्राइव्ह गाडी पुढे ढकलायला मदत करतं. ब्रेक दाबल्यावर ते काही करत नाही, वळणावर धरून ठेवत नाही. ते काम रबराचं. साधारण ७ अंश सेल्सियसच्या खाली साधं रबर कडक व्हायला लागतं, हिवाळी टायरचं मऊ राहतं. आजच खाली जाऊन दोन गोष्टी बघा. टायरच्या भिंतीवर तीन शिखरं आणि आत हिमकण असं चित्र आहे का? नुसतं एम प्लस एस (मड अँड स्नो) असेल तर तो बर्फाच्या चाचणीचा शिक्का नव्हे. दुसरं, खाचेत क्वार्टरचं नाणं उलटं घाला, वॉशिंग्टनचं डोकं खाली. डोक्याचा वरचा भाग पूर्ण दिसला, तर बर्फासाठी तो टायर संपला.

उनाड | २२ डिसेंबर, सकाळी १०:०२
ऑल सीझनवर लाखो लोक हिवाळा काढतात. घाबरवू नका.

घाटमाथा | २२ डिसेंबर, सकाळी १०:१५
गावात काढतात. आय-८० ने कॅलिफोर्नियात शिरताना लागणाऱ्या डॉनर पासचा माथा ७२३९ फुटांवर आहे. तिथे बर्फात टायरवर चढवायच्या चेनचे तीन टप्पे असतात. आर-२ लागला की चारही चाकांना बर्फाचे टायर असलेली ऑल व्हील गाडीच चेनशिवाय सुटते, आणि तिलाही चेन डिकीत ठेवावी लागतेच. आर-३ ला कोणालाच सूट नाही. यात घाबरवण्यासारखं काय आहे?

चार्जर_शोधतोय | २२ डिसेंबर, सकाळी १०:४०
थंडीत बॅटरीचा पल्ला बराच घटतो, त्यामुळे मॅप दाखवतो तेवढ्या अंतरावर विसंबू नका. प्लग काढण्याआधीच गाडी आतून गरम करून घ्या, चार्जरला पोचायच्या आधी बॅटरी गरम होऊ द्या, आणि हीटरऐवजी सीट गरम करा.

सदाफुली | २२ डिसेंबर, सकाळी १०:५२
गाडी पेट्रोलची आहे.

रात्रपाळी | २२ डिसेंबर, दुपारी १२:२०
आय-४० चा विचार करू नका! हेलीन वादळात तो रस्ता नदीत वाहून गेला होता.

मिरगाचा_पाऊस | २२ डिसेंबर, दुपारी १२:४४
ते सप्टेंबर २०२४ मध्ये, नॉर्थ कॅरोलायना आणि टेनेसीच्या सीमेवर, पिजन नदीच्या घळीत. यांना तिकडे जायचंच नाही. न्यू जर्सीहून आय-७८ ने पश्चिमेला, मग आय-८१ धरून व्हर्जिनिया उभा ओलांडायचा. आय-८१ टेनेसीत आय-४० ला मिळतो तो त्या घळीच्या पश्चिमेला, नॉक्सव्हिलच्या अलीकडे.

खारीकबदाम | २२ डिसेंबर, दुपारी १:१५
मुलीसाठी थेपले आणि गूळपोळी करून घ्या, आठवडाभर टिकतात. छोटा राइस कुकरही घ्या, मोटेलात मुगाची खिचडी होते. आम्ही रोहतांगला गेलो होतो तेव्हाही हेच केलं होतं. तिथल्या रस्त्यापुढे अमेरिकेतले घाट काहीच नाहीत.

उनाड | २२ डिसेंबर, दुपारी १:३०
रोहतांगला कधी गेलात? आम्ही जूनमध्ये गेलो तरी दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती होत्या.

खारीकबदाम | २२ डिसेंबर, दुपारी १:४१
मे अखेर. बोगदा व्हायच्या आधी.

सदाफुली | २२ डिसेंबर, दुपारी २:०८
नाणं घालून बघितलं. पुढच्या दोन्ही टायरवर डोकं पूर्ण दिसतंय. शिखरांचं चित्र नाही. टायर बदलले तर आय-८० चालेल का? मागे ट्रेलर असल्याने जास्तीचे दोनशे मैल नको वाटतात.

घाटमाथा | २२ डिसेंबर, दुपारी २:११
ट्रेलर?

सदाफुली | २२ डिसेंबर, दुपारी २:१९
भाड्याचा, बंद डब्याचा छोटा. पुस्तकं, भांडी, मुलीची सायकल. गाडीला हुक आहे, त्यामुळे वेगळं लिहिलं नाही.

मिरगाचा_पाऊस | २२ डिसेंबर, दुपारी २:२६
मग आय-८० चा विषय सोडाच. वायोमिंगमध्ये जोराचा वारा असला की हलक्या, उंच गाड्यांना आणि हलक्या ट्रेलरना रस्ता बंद करतात. नुसती गाडी सोडतील, तुम्हाला थांबवतील. आडव्या वाऱ्यात रिकामा-अर्धा डबा आधी उलटतो आणि गाडीला खेचतो.

उनाड | २२ डिसेंबर, दुपारी २:५०
ट्रेलर असेल तर मीही आय-८० म्हणणार नाही. हे आधी सांगायला हवं होतं. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढताना वेगमर्यादा ५५ मैल आहे, तेही धरा. माझा सल्ला, सामान वेगळं पाठवा आणि मोकळ्या गाडीने जा.

सदाफुली | २२ डिसेंबर, दुपारी ३:०४
सामान पाठवायच्या तारखा मिळत नाहीयेत, म्हणूनच ट्रेलर. मग आय-४० नक्की? तिकडे बर्फ नसतो ना?

घाटमाथा | २२ डिसेंबर, दुपारी ३:४०
असतो. फ्लॅगस्टाफ जवळपास ७००० फुटांवर आहे, तिथे भरपूर बर्फ पडतो. ओक्लाहोमा आणि टेक्सासच्या वरच्या टोकाला बर्फापेक्षा वाईट म्हणजे पावसाचं रस्त्यावर गोठणं. फेब्रुवारी २०२१ मध्ये फोर्ट वर्थला अशाच पातळ बर्फावर शंभराहून जास्त गाड्या एकमेकींवर आदळल्या, सहा जण गेले. दक्षिण म्हणजे सुरक्षित असं डोक्यात ठेवू नका.

फरक एवढाच की आय-४० वर पळवाट आहे. अल्बुकर्कीला पोचल्यावर फ्लॅगस्टाफचा अंदाज बघा. वाईट असेल तर तिथून आय-२५ ने सरळ दक्षिणेला उतरा, हॅचपासून राज्य रस्ता २६ ने डेमिंग, तिथे आय-१०. पुढे टुसान, फिनिक्स. मैल वाढतील, पण उंची बरीच कमी. कॅलिफोर्नियात शिरल्यावरही शेवटचा घाट उरतो. आय-४० ने आलात तर बार्स्टोहून बेकर्सफील्डकडे जाताना तेहाचापी, लॉस एंजेलिसकडून आलात तर ग्रेपव्हाइन. बर्फात दोन्ही अधूनमधून बंद होतात.

तुमच्याकडे १० दिवस आहेत. रोज ४०० मैल धरले तर आठ दिवसांत पोचता. उरलेले दोन दिवस कुठे फिरायला वापरू नका, वादळासाठी राखून ठेवा. पाचच्या सुमारास अंधार पडतो आणि ओला रस्ता त्यानंतर गोठतो, म्हणून पहाटे निघून चारला मुक्कामी.

मिरगाचा_पाऊस | २२ डिसेंबर, दुपारी ४:०५
हॉटेलं पहिल्या दोन रात्रींचीच बुक करा, पुढची रद्द करता येतील अशी. काच धुवायचं पाणी उणे २० फॅरनहाइटवालं भरा, उन्हाळ्यातलं नळीतच गोठतं. टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नका. जानेवारी २०२२ मध्ये आय-९५ वर व्हर्जिनियात लोक चोवीस तासांहून जास्त अडकले होते, तोही सपाटीचा रस्ता होता. पांघरुणं, पाणी, मुलीचे कोरडे मोजे मागच्या सीटवर ठेवा, ट्रेलरमध्ये नको. अडकलातच तर इंजिन सुरू करण्याआधी सायलेन्सरच्या धुराड्याभोवतीचा बर्फ हाताने काढा. ते बुजलं की विषारी वायू आत येतो आणि त्याला वास नसतो.

रात्रपाळी | २२ डिसेंबर, दुपारी ४:३०
आणि निसरड्यावर क्रूझ कंट्रोल बंद. पूल आधी गोठतात.

सदाफुली | २२ डिसेंबर, रात्री ९:५०
नवऱ्याशी बोलले. आय-८१, मग आय-४०. चारही टायर शुक्रवारी बदलतोय, शिखरांच्या चित्राचे. पहिला मुक्काम रोअनोक, दुसरा नॅशव्हिल, दोन्ही रद्द करता येणारे. पुढचं अल्बुकर्कीला ठरवू. घाटमाथा, ट्रेलर असताना चेन गाडीला लावायची की ट्रेलरलाही?

घाटमाथा | २२ डिसेंबर, रात्री १०:१२
गाडीच्या ज्या चाकांना इंजिन फिरवतं त्यांना लागतेच. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असतील तर कॅलिफोर्नियात त्याच्याही एका अक्षाला लागते. ब्रेक आहेत का ते उचलताना विचारून घ्या. आणि ऑल व्हीलमध्ये चेन पुढे की मागे हे गाडीच्या पुस्तकात असतं, त्याचा फोटो टाका. शुक्रवारी टायर बदलून आलात की घराच्या अंगणात एकदा चेन चढवून बघा. अंधारात, बोटं बधिर झालेली असताना पहिल्यांदा शिकू नका.

खारीकबदाम | २२ डिसेंबर, रात्री १०:२०
गूळपोळीला तीळ भाजून घाला.