करकोचे अजून येतात, मग सायबेरियन क्रौंच भारतात यायचे का थांबले?

रानवाट_सोलापूर:
नमस्कार मंडळी, हिवाळ्यात हिप्परगा तलाव आणि उजनीच्या काठाला करकोचे (क्रौंचाचीच एक लहान जात) उतरतात, हरभऱ्याच्या रानात चरताना आपण बघतोच. सायबेरियन क्रौंच पण असाच लांबून राजस्थानातल्या भरतपूरला यायचा, १९६०च्या दशकात दोनशेच्या आसपास असायचे आणि २००२ नंतर एकपण नाही. भरतपूर तर राष्ट्रीय उद्यान, १९८५ पासून जागतिक वारसा. एवढं असून कसा गेला? जाणकारांनी सांगा प्लीज.

उजनीकाठ:
दोघांचं खाणं वेगळं आहे. करकोचा कोरड्या रानात भागवतो, धान्य, हरभरा, किडे काहीपण. सायबेरियन मात्र उथळ पाण्यात उभा राहून चिखलातले कंद उकरतो, पाणी चढलं की चोच पोचत नाही आणि आटलं की जमीन कडक. भरतपूरला पाण्याची ओढाताण होती, त्यात १९८२ ला म्हशींची चराई बंद केली (तेव्हा गोळीबार होऊन माणसं गेली, तेही विसरू नये) आणि मग गवतानं पाणीच झाकून टाकलं. पण खरा घाव वाटेवर बसला, अफगाणिस्तान-पाकिस्तानात शिकार व्हायची. मुक्कामाला पहारा आणि वाटेत बंदूक, काय उपयोग.

पाणपक्षी:
+१. आणि वाट पिल्लं आईबापाबरोबर उडूनच शिकतात, म्हणून थवा संपला की वाट पण संपते. भरतपूरला पिंजऱ्यात वाढवलेली पिल्लं सोडून बघितली, जमलं नाही. इराणला ओमिद नावाचा एकटा नर कित्येक हिवाळे येत राहिला, २०२३ ला बेल्जियमहून आणलेली मादी रोया त्याच्याजवळ सोडली, जोडी जमली पण परतीला ती मागं पडली. वाचून लई वाईट वाटलं होतं.

करमाळा_बर्डर:
सायबेरियनचा पूर्वेकडचा थवा मात्र टिकलाय. रशियातल्या याकुतियात वीण, हिवाळा चीनच्या पोयांग सरोवरावर. तिथं पण पुरानं कंद बुडाले की हे भाताच्या आणि कमळाच्या शेतात उतरतात, म्हणून काही शेतं त्यांच्यासाठीच राखून ठेवलीत. असं आपल्याकडं पण करता येईल, उजनीचं पाणी उतरलं की गाळपेर जमीन उघडी पडते, तिथला थोडा काठ जाळी आणि मोटारीविना ठेवला तरी पक्ष्यांना पुष्कळ आहे. त्यासाठी पुरावा लागतो, हिप्परग्याच्या नोंदी कुणाकडं असतील तर ईबर्डवर (पक्ष्यांच्या नोंदी ठेवायची वेबसाइट) टाका, जुन्या पण चालतात, फक्त तारीख आणि जागा नीट लिहा.