'ऑल बेट्स आर ऑफ' म्हणजे ऑर्डर गेली का?

देवगडचो_बागायतदार:
मंडळी, एक विचारायचं होतं. घरचा हापूस लंडनच्या एका पार्टीला पाठवतो. परवाच्या मेलमध्ये त्याने रेट, पेट्या सगळं ओके केलं आणि शेवटी लिहिलंय की एप्रिलमध्ये परत पाऊस पडला तर 'ऑल बेट्स आर ऑफ'. बाबा म्हणतायत गोऱ्याने पैज कसली लावली, भाऊ म्हणतो ऑर्डर बोंबलली. नक्की काय समजायचं?

खाडीपलीकडचा:
पैज नाही रे. रेसकोर्सवरची भाषा आहे ती, शर्यतच रद्द झाली की बुकी लावलेले पैसे परत देतो, मग कोणी जिंकला नाही न कोणी हरला नाही. तसं पाऊस पडला तर आत्ताचा रेट धरून बसू नका, नव्याने बोलू, एवढंच म्हणतोय तो. आपण नाही का म्हणत, 'मगे काय खरा नाय', तेच.

वेंगुर्ल्याचे_मास्तर:
बरोबर. पण हे 'अमुक झालं तर' याच्या मागून येतं हं. आजची एसटी कॅन्सल झाली हे सांगायला वापराल तर लोक हसतील. निवडणुकीत ऐनवेळी तिसरा उभा राहिला तर ऑल बेट्स आर ऑफ, म्हणजे कोण येईल सांगता येत नाही, असंही चालतं. आणि बाबांनी निम्मा माल वाशीला लावून ठेवला तर त्याला 'हेजिंग युवर बेट्स' म्हणतात, दोन्ही डगरींवर हात, आणि माझ्या मते तेच करा.

पेटी_एक्सपोर्ट:
अर्थ कळला ते ठीक, पण अशा वाक्यावर माल पाठवू नकोस. पाऊस म्हणजे किती? एक सर आली तरी पाऊसच. फळाला डाग आला तर का काढणी लांबली तर, आणि कुठल्या तारखेपर्यंत, हे त्याच्याकडून लिहून घे. २०१४ ला युरोपियन युनियनने फळमाशीमुळे ऐन सिझनमध्ये मे महिन्यापासून आपला आंबा बंद केला होता, तेव्हा खरंच ऑल बेट्स आर ऑफ झालं होतं, बंदी उठली २०१५ ला. तुझं तेवढं काही नाही.

देवगडचो_बागायतदार:
थँक्यू सगळ्यांना, आजच मेल टाकतो. बाबा विचारतायत, पावसाच्या नावाखाली रेट पाडायला तर बघत नाही ना हा?

पेटी_एक्सपोर्ट:
बघणारच. म्हणून तर तारीख लिहून घे म्हटलं.